जुलाब लागले तर आधी काय बघायचं, काय पाजायचं अन दवाखान्यात कधी पळायचं

आमच्या तालुक्यात वर्षातून दोनदा जुलाबाचा सीझन असतो. एक एप्रिल-मे मधे, विहिरी तळाला गेल्या अन टँकर चालू झाले की, आणि दुसरा मृगाचे दोन-चार पाऊस पडून नालीचं पाणी पाइपलाइनीत शिरलं की. मी मेडिकलवर बसतो त्यामुळं दोन्ही सीझन मला काउंटरवरच कळतात. शटर वर करायच्या आधी कोणीतरी उभं असतंय, "भाऊ, जुलाबाची गोळी द्या, लगेच थांबली पाहिजे अशी". मी विचारतो पेशंट शेवटचं लघवीला कधी गेलं, तर समोरचा माझ्याकडं असा बघतो की याला जुलाबाचं सांगायलोय अन हा लघवीचं काय विचारायलाय.

पण तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. जुलाबात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा अंगातलं पाणी अन मीठ निघून गेल्यानं. जंतू कोणता होता ते कळायला दोन-तीन दिवस लागतात, पाणी मात्र काही तासात जातंय. त्यामुळं क्रम असा ठेवायचा: पाणी किती गेलंय ते बघा, गेलेलं पाणी भरा, अन मग जंतूचं काय ते डॉक्टरला बघू द्या. आपल्याकडं नेमका उलटा चालतो, आधी अँटिबायोटिक, मग सलाईन, अन ओआरएसची पुडी टीव्हीवर पडलेली.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. खाली जे लिहिलंय ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अन आपल्या आरोग्य खात्याच्या ठरलेल्या पद्धतीला धरून आहे, बाकी मधे मधे माझं मत येईल ते ओळखू येईलच.

जुलाब कशाला म्हणायचं

चोवीस तासात ३ किंवा जास्त वेळा पातळ, पाण्यासारखी संडास झाली की जुलाब. अंगावर पिणारं तान्हं लेकरू दिवसातून सात-आठ वेळा पिवळी, पातळसर, जराशी फुटलेली शी करतंय अन खेळतंय, पितंय, वजन वाढायलंय, तर तो जुलाब नाही, त्याला काही देऊ नका. नेहमीपेक्षा अचानक जास्त अन पाण्यासारखी व्हायला लागली तर मात्र जुलाब समजा.

संडासात रक्त दिसलं तर ते वेगळं प्रकरण, रक्ताची आव. अन १४ दिवसांच्या वर चाललं तर तेही वेगळं. हे दोन्ही घरी ओढत बसायचे नाहीत, डॉक्टरकडं न्यायचे.

एक गोष्ट लई ऐकतो, "दात येयलेत म्हणून होयलेत जुलाब". दातानं जुलाब होत नाहीत. त्या वयाचं लेकरू रांगतंय, सापडंल ते तोंडात घालतंय, चप्पल, माती, शेळीच्या दावणीतलं काहीबाही, अन आईच्या अंगावरून वरच्या खाण्यावर आलेलं असतंय. जंतू तिथनं जातो. दाताच्या नावाखाली दोन-तीन दिवस वाया घालवू नका.

अंगातलं पाणी किती गेलं, घरीच बघा

याला मशीन लागत नाही. उजेडात बसवा अन एकेक बघत जा.

लघवी: किती तासापूर्वी झाली, रंग काय. मोठ्या माणसाला सहा-आठ तास लघवी नाही किंवा झाली ती चहासारखी गडद, तर पाणी चांगलंच कमी पडलंय. तान्ह्याचं लंगोट सहा तास कोरडं असलं तर तेच.

डोळे: खोल गेल्यासारखे वाटतात का. हे आईला विचारायचं, कारण एखाद्या लेकराचे डोळे मुळातच खोल असतात अन ते तिलाच माहीत असतंय.

तहान: पेला तोंडाला लावला की घटाघटा पितंय, काढून घेतला की रडतंय, पेल्याला हात लावतंय, तर पाणी कमी पडायला लागलंय पण अजून वेळ आहे. पेला लावला तरी पीत नाही, मान टाकलीय, हाक मारली तरी बघत नाही, तर ती शेवटची घंटा आहे, घरी थांबायचंच नाही.

चिमटा: लेकराला उताणं झोपवा, बेंबी अन कुशीच्या मधोमध पोटाची कातडी अंगठा अन बोटात उभी धरा, एक सेकंद, सोडा. नखानं चिमटायचं नाही, सगळ्या बोटाच्या पेरानं धरायचं. लगेच सपाट झाली तर ठीक. हळूहळू बसली, वळी क्षणभर दिसली, तर पाणी कमी आहे. दोन सेकंदाच्या वर वळी तशीच उभी राहिली तर लई कमी, गाडी काढा. म्हाताऱ्या माणसाची कातडी मुळातच सैल असते अन कुपोषित लेकराची बी, तिथं चिमट्यावर भरवसा ठेवू नका, लघवी, तोंडाचा कोरडेपणा अन शुद्ध बघा. उलट गुटगुटीत लेकरात चिमटा चांगला वाटतो अन पाणी गेलेलं असतंय.

अजून एक, टाळू. वर्षाच्या आतल्या लेकराची टाळू खाली बसलेली दिसली की आपल्याकडं कोणीतरी जुनी बाई टाळू उचलून देते, तेल भरते, तोंडात बोट घालून वर दाबते. टाळू बसलेली दिसली हे त्या बायांनी बरोबरच ओळखलं, नजर चांगलीय त्यांची. पण ती बसलीय अंगातलं पाणी गेल्यामुळं, ती वर येणार पाणी पोटात गेल्यावरच. तोंडात बोटं घालून निस्ता अजून एखादा जंतू जायचा.

हे सगळं बघायला दोन मिनिटं लागतात. दर दोन-तीन तासाला परत बघायचं, कारण सकाळी बरं दिसलेलं लेकरू दुपारी मान टाकू शकतंय.

ओआरएस: पुडी सगळे घेतात, बनवतात थोडेच बरोबर

एक मावशी नातवासाठी पुडी न्यायला आल्या, मी विचारलं कशी देता, तर म्हणल्या "गिलासभर पाण्यात जराक टाकते, उरलेली पुडी दुमडून ठेवते, परत लागली की परत जराक". मी काउंटरखालची पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली काढली अन म्हणलं मावशी, आख्खी पुडी यात, अन बाटली गळ्यापर्यंत भरायची, कमी नाही, जास्त नाही. त्यांनी पुडी उलटीपालटी करून बघितली, म्हणल्या "एवढी सगळी? खारट लागंल की". म्हणलं चाखून बघा, आसवाइतकंच खारट लागतंय, त्यापेक्षा खारट लागलं तर समजायचं पाणी कमी पडलं.

जराक-जराक टाकलं तर काय बिघडतं? पुडीत मीठ, ग्लुकोज, पोटॅशियम अन सायट्रेट मिसळलेलं असतंय, ते पुडीत सारखं पसरलेलं असंलच असं नाही, अन अंदाजानं टाकलं की कधी पाणी जास्त होतंय म्हणजे उपयोग नाही, कधी पुडी जास्त होते म्हणजे मीठ जास्त, अन लहान लेकराच्या अंगात मीठ वाढणं धोक्याचं. बाजारात दोन साइजच्या पुड्या मिळतात, मोठी साधारण २१ ग्रॅमची ती १ लिटरला, अन छोटी चार-साडेचार ग्रॅमची ती २०० मिलीला म्हणजे एका मध्यम पेल्याला. दोन्हीवर पाण्याचं माप छापलेलं असतंय, वाचा, किंवा दुकानदाराला वाचायला लावा, त्याचं ते कामच आहे.

पाणी उकळून गार केलेलं घ्या. उकळायची सोय नसंल तर गाळलेलं, क्लोरीन टाकलेलं घ्या, पण पाण्यावाचून अडून बसू नका. बनवलेलं झाकून ठेवा, चोवीस तासात संपवा, उरलं तर टाकून द्या. ओआरएस बनवल्यावर परत उकळायचं नाही. साखर, दूध, सरबत काही मिसळायचं नाही.

किती द्यायचं: २ वर्षाच्या आतल्याला प्रत्येक पातळ संडाशीनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे पाव ते अर्धा पेला समजा. २ ते १० वर्षाला १०० ते २०० मिली. त्याच्यावरच्याला पिईल तेवढं. हे झालं पाणी अजून विशेष गेलं नसंल तर. डोळे खोल, तहान लई, चिमटा हळू बसायलाय अशी स्थिती असंल तर वजनाच्या दर किलोला ७५ मिली, चार तासात. १० किलोचं लेकरू असंल तर ७५० मिली, म्हणजे चार तासात पाऊण बाटली. हे शक्यतो पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) किंवा डॉक्टरच्या नजरेखाली करायचं, पण गाडी मिळेपर्यंत अन रस्त्यात बी पाजत ऱ्हायचं, थांबायचं नाही.

"पाजलं की ओकतंय" ही तक्रार येणारच. ओकलं तर दहा मिनिटं थांबा, परत सुरू करा, अन यावेळेस चमच्यानं, एक-दोन मिनिटाला एक छोटा चमचा. तहानलेलं लेकरू पेला हिसकावून गटागटा पितंय अन मग सगळं बाहेर येतंय, म्हणून पेला त्याच्या हातात देऊ नका. कंटाळवाणं काम आहे, मान्य, अर्धी रात्र कोणीतरी चमचा घेऊन बसावं लागतंय. आजी, आत्या, मावशी, शेजारीण, पाळी लावून बसा, आईला एकटीला ठेवू नका.

पुडी नसंल तर? एक लिटर पाण्यात साखरेचे ६ छोटे चमचे सपाट, अन मिठाचा अर्धा छोटा चमचा सपाट. सपाट म्हणजे सपाट, वर ढीग नाही, अन चमचा चहाचा, पोह्याचा नाही. हे पुडी मिळेपर्यंतची सोय आहे. त्याशिवाय मीठ घातलेलं पातळ ताक, भाताची पेज, वरणाचं पाणी, मीठ-लिंबाचं कमी साखरेचं सरबत, शहाळं, हे सगळं चालतंय.

काय चालत नाही: कोल्ड्रिंक, लई गोड ज्यूस, निस्ती ग्लुकोजची पावडर, काळा कडक चहा. जास्त साखर आतड्यात गेली की ती उलट अंगातलं पाणी आतड्यात ओढती अन जुलाब वाढतात. टेट्रापॅकमधली फळाच्या चवीची पेयं बी यातच धरा. कित्येक वर्षं त्यातल्या काहींवर ओआरएस असं ठळक छापून यायचं अन लोकं जास्त पैसे देऊन तेच न्यायचे, त्यात साखर खऱ्या ओआरएसच्या कित्येक पट. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयनं, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या पेयावर ओआरएस शब्द वापरायला बंदी घातली, तरी जुनी सवय जायची नाही, गिऱ्हाईक अजून "ते पाकिटातलं ऑरेंज ओआरएस" मागतंच. पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या, अन सरकारी पुडी फुकट मिळते ती काही हलकी नसती, फॉर्म्युला तोच.

खायला बंद करू नका, झिंक विसरू नका

"पोटाला आराम" म्हणून उपाशी ठेवायची पद्धत जुनी आहे अन चुकीची आहे. अंगावर पिणाऱ्याला पाजत ऱ्हायचं, उलट जास्त वेळा. मोठ्या लेकराला मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, दहीभात, केळ, ज्वारीच्या कण्या ताकात कालवून, जे पचंल ते थोडं थोडं. तिखट अन तळलेलं तेवढं लांब ठेवा. बरं झाल्यावर दोन आठवडे दिवसातून एक जेवण जास्तीचं द्या, गेलेलं वजन भरून निघतंय.

झिंकची गोळी लेकरांसाठी आहे. ६ महिन्याच्या वरच्याला रोज २० मिलीग्रॅम, २ ते ६ महिन्याच्याला १० मिलीग्रॅम म्हणजे अर्धी गोळी, चमच्यात आईच्या दुधात किंवा पाण्यात विरघळवून, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात अन गोळ्या तिथंच फडताळात पडतात. पूर्ण १४ दिवस द्या, पुढच्या दोन-तीन महिन्यातले जुलाब बी कमी होतात. आशाताईकडं ओआरएस अन झिंक दोन्ही असतंय, पावसाळ्यात तर त्या घरोघर वाटत फिरतात, तुमच्याकडं आल्या नाहीत तर जाऊन मागा.

ती "लगेच थांबवणारी" गोळी

आता माझ्या धंद्याच्या विरोधात लिहितो. नॉरफ्लॉक्सासिन अन टिनिडाझोल एकत्र असलेली गोळी आपल्याकडं जुलाबासाठी शेंगदाण्यासारखी खपते. पाण्यासारखे साधे जुलाब बहुतेक वेळा व्हायरसनं नाहीतर आपोआप थांबणाऱ्या जंतूनं होतात, त्यात अँटिबायोटिकचा काही फायदा नाही. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी होणारच असतात, श्रेय गोळीला जातंय. अन अशी अर्धवट गोळ्या खाऊन खाऊन जंतू सरावलेत, म्हणून रक्ताच्या आवेला पूर्वी चालणारी औषधं आता बऱ्याच जागी चालत नाहीत. अँटिबायोटिक लागतं ते रक्त पडत असंल तर, पटकीचा संशय असंल तर, किंवा पेशंट लई लहान, लई म्हातारा किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला असंल तर, अन कोणतं, किती, ते डॉक्टर ठरवणार.

लोपेरामाइड, म्हणजे संडास बांधून टाकणारी गोळी, लहान लेकरांना कधीच नाही, आतडं लुळं पडून पोट फुगू शकतंय. मोठ्यांना बी ताप असंल किंवा रक्त पडत असंल तर नाही. अफूची भुकटी चाटवायची जुनी रीत कुठं कुठं अजून ऐकू येते, ती बी याच कारणानं घातक आहे.

बीपी, शुगरवाल्या माणसांनी हे नीट वाचा. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असंल अन जुलाब-उलट्या लागल्या, तर दोन्हीकडून पाणी जाऊन किडनीवर येतंय. शुगरच्या काही गोळ्यांचं बी तसंच आहे. त्याच दिवशी डॉक्टरला फोन करून कोणती गोळी थांबवायची ते विचारा, इन्सुलिन मनानं बंद करू नका. अन "मला शुगर आहे, ओआरएस कसं पिऊ" असं म्हणून पाण्यावर बसू नका, त्यात ग्लुकोज आहे ते मीठ आतड्यातून आत ओढायलाच आहे, शुगर तपासत ऱ्हा अन प्या.

कोणता जंतू असंल, अंदाज कसा बांधायचा

हे डॉक्टरला सांगायला उपयोगी पडतंय, म्हणून लक्षात ठेवा.

जेवल्यावर एक ते सहा तासात धडाधड उलट्या, सोबत जेवलेल्या सगळ्यांना, ताप विशेष नाही, तर अन्नात आधीच तयार झालेलं विष. सकाळचा भात, दुधाची मिठाई, दुपारपर्यंत उन्हात ठेवलेला महाप्रसाद. आठ-सोळा तासानं पोटात कळा अन जुलाब आले तर मोठ्या कढईत शिजवून रात्रभर कोमट ठेवलेल्या भाजी-मटणावर संशय घ्या. एकादशी, महाशिवरात्रीला भगरीनं विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडं दरवर्षी येतात. भगरीत ओल राहिली की बुरशी धरती, सुटी भगर अन त्याचं तयार पीठ घेऊ नका, पाकीटबंद, तारीख बघून घ्या, निवडून धुवून घरीच दळा.

दोन वर्षाच्या आतलं लेकरू, आधी उलटी, थोडा ताप, मग पाण्यासारखे जुलाब, विशेषतः थंडीत, तर रोटाव्हायरस असू शकतो. याची लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, ६, १० अन १४ आठवड्याला तोंडातून देतात, महाराष्ट्रात २०१९ पासून.

भाताच्या पेजेसारखी पांढुरकी संडास, वास माशासारखा, पोट दुखत नाही, ताप नाही, पण बादल्याच्या बादल्या चाललंय अन पायात गोळे येयलेत, ती पटकी, कॉलरा. मोठ्या माणसाचं तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतंय. हट्टाकट्टा गडी सकाळी शेतावर होता अन संध्याकाळी गेला, असं होतं ते यातच. मोठ्या माणसाला असे जुलाब लागले अन गल्लीत अजून कोणाला आहेत असं कळलं, तर पहिला संशय याचाच.

ताप, पोटात मुरडा, सारखं जावंसं वाटतंय पण थोडीशीच होती, त्यात रक्त अन शेंबडासारखी आव, तर बहुतेक शिगेला. याचे १० ते १०० जंतू पोटात गेले तरी पुरतात, म्हणून घरात एकाला झालं की हातावरून सगळ्यांना होतंय. ताप नाही, हळूहळू सुरू झालं अन रक्ताची आव आहे, तर अमिबा असू शकतो, पण आपल्याकडं प्रत्येक पोटदुखीला "अमिबा झालाय" म्हणून औषध द्यायची सवय पडलीय तेवढा तो नसतो.

आठवड्यामागून आठवडे, पोट गच्च, कुजक्या अंड्यासारखे ढेकर, संडास तेलकट अन घाण वासाची, वजन उतरायलंय, तर जिआर्डिया आठवा.

तपासण्या: साध्या जुलाबाला संडास तपासायची गरज नसते. रक्त पडत असंल, १४ दिवसाच्या वर चाललं, साथ असंल, किंवा पेशंट गंभीर असंल तरच. कल्चर (नमुन्यातला जंतू वाढवून बघायची तपासणी) करायचं तर अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जायच्या आधी नमुना द्यायचा, नंतर दिलेल्या नमुन्यात जंतू सापडंलच असं नाही. नमुना ताजा, स्वच्छ डबीत, लघवी न मिसळता. जुलाबासाठी विडाल टेस्ट (टायफॉइडची रक्ततपासणी) करून "टायफॉइड निघाला" म्हणून सलाईनचा कोर्स लावणं हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे, एका विडालवरून टायफॉइड ठरत नाही. म्हाताऱ्या अन शुगरवाल्या पेशंटला मात्र क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) अन सोडियम-पोटॅशियम बघणं कामाचं, त्या पैशाला मागंपुढं बघू नका.

कधी पळायचं, अन सलाईनचं काय

पीत नाही, सगळं ओकतंय, मान टाकलीय किंवा लई गुंगीत आहे, झटका आला, संडासात रक्त आहे, लघवी बंद, पोट फुगून कडक झालंय, ताप उतरत नाही, दोन महिन्याच्या आतलं लेकरू आहे, गरोदर बाई आहे, यातलं एक बी असंल तर १०८ ला फोन लावा. ती गाडी फुकट आहे. ती यायला वेळ लागत असंल अन गल्लीत जीप असंल तर जीप काढा. शुद्धीत असंल तर रस्त्यात चमचा-चमचा चालू ठेवा, गुंगीत असलेल्याच्या तोंडात काही ओतू नका, श्वासनळीत जातंय.

दवाखान्यात गेल्यावर "डॉक्टर, सलाईन लावा" असा हट्ट धरू नका. पिऊ शकणाऱ्या पेशंटला तोंडानं दिलेलं पाणी सलाईनइतकंच काम करतंय. १९७१ ला बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ अन ग्लुकोजचं पाणी ड्रममधे भरून, नातेवाइकांच्याच हातानं पाजायला लावलं. तिथलं मरणाचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना २०२३ ला मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. म्हणजे ज्या पुडीला आपण "निस्ती पावडर" म्हणतो तिनं सलाईन नसताना छावणी वाचवली.

सलाईन लागतं ते वर सांगितलेल्या गंभीर पेशंटला, अन तेव्हा मात्र लगेच अन जोरात. त्यात आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट सगळ्यात बरं, ते नसंल तर एनएस म्हणजे नॉर्मल सलाईन, मिठाचं. निस्तं साखरेचं सलाईन यात कामाचं नाही. दर किलोला १०० मिली असा हिशोब असतो, वर्षाच्या आतल्याला सहा तासात अन त्याच्या वरच्याला तीन तासात, पहिला भाग भराभर. थेंब-थेंब रात्रभर चालवायचं ते गंभीर पेशंटचं सलाईन नव्हे. अन सलाईन चालू असताना बी पिता यायला लागलं की ओआरएस सुरू करायचं.

घरात एकाला झालं की बाकीच्यांचं

साबणानं हात, संडासहून आल्यावर, लेकराची शी धुतल्यावर, भाकरी थापायच्या आधी. लेकराची शी "लहानाची काय घाण" म्हणून उकिरड्यावर फेकतात, ती मोठ्यांच्यापेक्षा कमी नसती, संडासातच टाका.

आता पाण्याचं, अन इथं आपल्या गावांची खरी गोम आहे. नळ आठ-दहा दिवसाला येतो, प्रेशर नसतं, म्हणून प्रत्येकानं दारात खड्डा खणून नळ खाली नेलाय, तोटी नाही. नळ गेला की खड्ड्यातलं सांडपाणी उलटं पाइपात शिरतंय. त्यात कोणी मोटार लावली की ती पाइपाच्या प्रत्येक फुटक्या जॉइंटमधून नालीचं पाणी ओढती, अन मोटारवाल्याच्या शेजाऱ्याला जुलाब लागतात. खड्डा बुजवा, तोटी बसवा, अन नळ आल्यावर पहिलं पाच-दहा मिनिटाचं पाणी वापरायला घ्या, प्यायला नाही.

टँकरचं पाणी विहिरीत ओतून मग शेंदतात, त्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडली का ते विचारा. टीसीएल जुनी, पोतं उघडं पडलेलं असंल तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो, मग टाकली काय अन न टाकली काय. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडं ओटी टेस्टची बाटली असते, तुमच्या घरच्या शेवटच्या नळाचं पाणी त्याला तपासायला लावा, पिवळी झाक आली तर क्लोरीन आहे. घरी क्लोरीनचे थेंब किंवा गोळी टाकायची तर पाकिटावरचं माप बघा अन अर्धा तास थांबून मगच प्या. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी खळखळ उकळलं की मिनिटभरात काम होतंय. लग्नात येणारे थंड पाण्याचे सुटे जार दिसायला गारेगार, पण थंड केलेलं म्हणजे शुद्ध केलेलं नव्हे, तिथं लहान लेकराला घरची बाटली न्या.

अन माठात, रांजणात हात बुडवून पेला काढणं बंद करा, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

गल्लीत दोन-तीन घरी एकदम जुलाब लागले तर लपवू नका. आशाताई, उपकेंद्राची सिस्टर, कोणालाही त्याच दिवशी सांगा, म्हणजे पाण्याचा नमुना वेळेत जातो. उरलेलं अन्न असंल तर फेकायची घाई नको, झाकून बाजूला ठेवा, तपासायला लागतंय. साथ कळवली की गावाची बदनामी होती म्हणून सरपंच गप्प बसतात, अन तेवढ्यात अजून दहा घरं धरतात.

शेवटी ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी. दिवाळीनंतर बीड, धाराशिव, परभणीकडून बिऱ्हाडं निघतात, कोपीवर पाणी कॅनॉलचं नाहीतर फडाच्या शेजारच्या विहिरीचं, दवाखाना लांब, अन रात्री दोनला गाडी भरायची. निघताना आशाताईकडून किंवा मेडिकलवरून ओआरएसच्या मोठ्या पुड्या, झिंकच्या स्ट्रिपा, एक लिटरची बाटली अन एक छोटा चमचा एका प्लॅस्टिकच्या डब्यात घट्ट झाकून न्या. पुडीत ओल जाऊन ती दगडासारखी झाली किंवा तपकिरी पडली तर वापरू नका. तारीख बघा. लेकराचं लसीचं कार्ड त्याच डब्यात ठेवा, ज्या जिल्ह्यात असाल तिथल्या उपकेंद्रात राहिलेला डोस मिळतो. अन मुकादमाला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, जवळचं पीएचसी कुठंय अन रात्री गाडी कोणाची मिळंल.